वाळूतल्या वाड्यांचा पत्ता

सांडशी खणकन पडली आणि दुपारची सामसूम मोडली. चारुलताताईंनी शेवटची पोळी उतरवली, पिठाचे हात ओढणीला पुसले आणि पिठाच्या डब्यावर ठेवलेल्या मला खाली घेतलं. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. आता माझ्या बटणांत कणीक जाते. त्याचं वाईट वाटत नाही. ज्याचं वाटतं, तेच सांगतो.

पूर्वी मी जळगावात, आपत्तीच्या वेळी जिथून फोन फिरतात त्या खोलीत होतो. पाऊस किती पडणार, हे मला कळत नाही. ते सांगणारी यंत्रं वेगळी. मला कळतात ती नाती. कोणत्या नाल्याचं पाणी कोणत्या फरशीपुलावर चढतं, पूल बुडाला की कोणती वस्ती तुटते, त्या वस्तीत चालता न येणारं कोण आहे, आणि तिथवर पायी पोचेल असा जवळचा माणूस कोण. गावोगाव विचारून ताईंनी एकेक नातं माझ्यात विणलं होतं. वादळाची बातमी आली की त्या विणीवरून मी साहेबांना सांगायचो, आधी इथे माणूस पाठवा.

सगळ्यात अवघड होत्या गिरणेच्या वाळूतल्या टरबुजाच्या वाड्या. उन्हाळ्यात नदी आटली की भडगावकडची काही कुटुंबं पात्रातच वेल लावतात आणि राखणीला तिथेच झोपडी घालून राहतात. पावसाळ्यात वाळू सरकते, म्हणून पुढच्या साली वाडी दुसरीकडे. ताई दर उन्हाळ्यात आपल्या लेकीला, छोट्या ऋतिकाला, स्कूटीवर पुढे उभी करून नदीत उतरायच्या. मी पाठीवरच्या पिशवीत.

"धुरपदाअक्का, यंदा वाडी कुठे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

"नदी दरसाल आथरून बदलस, मंग आम्ही बी बदलतस," अक्का हसायच्या. माझ्याकडे बोट दाखवून एकदा म्हणाल्या, "ह्या तुना डबाले बठ्ठं कयस का वं?"

"सांगितलं तेवढंच कळतं, अक्का."

"मंग मना म्हतारासारखाच शे."

त्याच उन्हाळ्यात वरच्या अंगाला अवकाळी कोसळला आणि कोरड्या नदीला लोंढा आला. मी दाखवलेल्या वाळूवर माणूस धावला. वाडी गेली, पण माणसं काठावर चढली. अक्का टरबूज घेऊन थेट कार्यालयात आल्या. "डबाले बी दे वं एक फोड," म्हणाल्या. साहेबांनी मला हार घालून फोटो काढला.

मग ताईंच्या नेमणुकीची मुदत संपली, ती कोणी वाढवली नाही. त्यांच्या खुर्चीवर हितेंद्रभाऊ आले. माणूस वाईट नव्हता, कामं मात्र दहा जणांची होती. उन्हाळा लागला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मागच्या वर्षीचं भरलेलं आहे ना याच्यात? मग झालं की."

त्या वर्षीही लोंढा आला. मला विचारलं गेलं आणि मी ठामपणे जुनी वाळू दाखवली. तिथे गेलेल्या माणसांना वाळलेली काटेरी झुडपं दिसली. "इथे कोणी नाही," असा फोन आला आणि ती पुढच्या गावाकडे वळली. अक्कांची वाडी त्या साली नदीच्या वळणापलीकडे होती. त्यांचा म्हातारा बाभळीला धरून वाचला. अक्का सापडल्या नाहीत.

त्यानंतर मी कपाटात गेलो. भंगारात निघालो तेव्हा ताईंनी मला मागून घरी आणलं. आता नेमणूक नसतानाही त्या स्वतःहून वाड्यावाड्यांवर जातात, पोळ्या आणि पोरीच्या झोपेच्या मधल्या वेळात मला नव्याने शिकवतात आणि ते सगळं त्या खोलीला पाठवतात. तिकडून उत्तर येत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना हार घालू नका. दरसाल जाऊन विचारा आणि नवं ते आम्हाला सांगत जा. जुनं ज्ञान खोटं झालं, हे आमचं आम्हाला उमगत नाही. आम्ही तितक्याच ठामपणे बोलत राहतो.

आज ताई यंदाच्या वाड्या भरत होत्या. एकेका नावापुढे नवी जागा उमटत होती. 'धुरपदाबाई' या नावाशी त्यांची बोटं थांबली. नाव पुसेनात, पुढे काही लिहीनात.

सांडशी उचलून ऋतिका त्यांच्या मांडीला टेकली. तिने माझ्या पडद्यावरची ती रिकामी जागा पाहिली आणि विचारलं,

"आई, यंदा अक्कांची वाडी कुठे?"