पौषात छाटलेला जाम

माझ्या लेकीचं, लक्ष्मीचं, लग्न माघात ठरलं आणि अंगणातला जाम माझ्या डोळ्यांत खुपायला लागला.

झाड माझ्या सासऱ्यांच्या हातचं. कोपरीत आमच्या आळीला एवढा जुना जाम दुसऱ्या कुणाकडे नव्हता. बुंधा एका बाईच्या कवेत मावत नव्हता, आणि अर्धं अंगण त्याच्या सावलीत. चैत्रात पांढऱ्या घंटांसारखी पाणीदार फळं लटकायची आणि पहिली टोपली गावदेवीच्या जत्रेला आमच्याच घरातून जायची. ती डोक्यावर घेऊन मी निघाले की बाया बाजूला व्हायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

पण झाड आलं म्हणजे पाखरं आली. सकाळी बुलबुल. दुपारी तांबट. त्यानं एका सुकलेल्या फांदीत टोचून टोचून बीळ केलेलं आणि दिवसभर त्याचं टुक टुक चालायचं, भांडी घडवायला बसल्यासारखं. संध्याकाळी साळुंक्या यायच्या, शंभर तरी असतील. जागेवरून अशा भांडायच्या की आम्ही आळीतल्या बायासुद्धा त्यांच्यापुढे गरीब. सकाळी खाली सगळं पांढरंफटक. एरवी मी सुनेच्या, शालूच्या, हातात झाडू द्यायची नि विषय संपायचा. पण लग्नाचा मांडव त्याच झाडाखाली पडणार होता आणि व्याही कल्याणच्या खाडीवरचे, रेतीच्या होड्या असलेले, कडक इस्त्रीचे कपडे घालणारे. त्यांच्या फेट्यावर पाखरानं घाण केली तर ती गोष्ट मी मरेपर्यंत कल्याणात सांगितली जाईल, हे माझ्या मनानं घेतलं.

म्हणून पौषात मी खूबचंदला बोलावलं.

हा सिंधी कॅम्पातला म्हातारा. फाळणी होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. त्याच्या आधी तो तिकडे क्वेट्याला सफरचंदाच्या बागेत होता; जुनं झाड छाटून त्याला पुन्हा फळावर आणायचं, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. इथं बराकीत गोणपाटाचा पडदा लावून विधवा सून आणि नात यांच्यासोबत राहायचा आणि करवत खांद्याला लावून आळीआळीनं फिरायचा. आमच्याकडे त्यानं दोन-तीन घरचे पेरू, लिंबं नीट केलेली. बायकांना त्याचा हात पसंत होता.

तो आला, झाडाभोवती फिरला, एक फांदी खाली ओढून बघितली आणि करवत भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाला, "माई, तिकडे सेबका झाड थंडीमध्ये सोतं. पत्ते गिरतात, तेव्हा कापायचं. ये झाड जागतंय. कळी धरली, बघा. फळ उतरलं की बोलवा, मी येतो."

मी म्हटलं, लग्न माघात आहे, फळ उतरेपर्यंत नवरदेव थांबणार आहे का. तो म्हणाला, मग मांडव थोडा पुढे घाला, रस्त्याकडे. माझ्या अंगणात मांडव कुठं घालायचा हे मला कॅम्पातला माणूस शिकवणार, याचाच मला राग आला.

मी बोलले, "तुझं शहाणपण क्वेट्याला ठेवून आला असतास तर बरं झालं असतं."

घरदार, बाग, सगळं टाकून आलेल्या माणसाला मी हे बोलले. मोठ्यानं बोलले. माझं बोलणं मोठंच असतं. त्यानं खाली बघितलं, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि शिडी लावली.

वर गेल्यावर त्यानं आणखी एकदा विचारलं. ती सुकी फांदी तरी राहू दे, तीत तांबटाची पिल्लं आहेत. मी सांगितलं, पहिली तीच काढ, तिथली टुकटुक ऐकून माझं डोकं उठलंय. त्यानं फांदी कापली, पण बिळाचा तुकडा अख्खा ठेवला, छातीशी धरून खाली आणला आणि खालच्या जाड फांदीला सुंभानं उभा बांधला, बिळाचं तोंड होतं तसंच ठेवून. नर-मादी दिवसभर वरच्या मोकळ्या जागेत येऊन बसत होती. खाली काही उतरली नाहीत. तिसऱ्या दिवशी शालूनं तो तुकडा सोडला आणि पदरात काहीतरी घेऊन विहिरीमागे गेली. मला तिनं दाखवलं नाही. मी खिडकीतून बघितलं.

जाताना खूबचंद मला एवढंच म्हणाला, "यंदा फळ नाही येणार. मग मला नाव नाही ठेवायचं, माई."

मी म्हटलं, नाही ठेवणार.

लग्न झालं. धवलारीण लग्नाचे धवळे म्हणत होती आणि झाडावर जागा न मिळालेल्या साळुंक्या मांडवाच्या बांबूंवर येऊन बसल्या, रांगेनं. व्हायचं ते झालंच, व्याह्यांच्या फेट्यावरच झालं. ते हसले, शकुन चांगला म्हणाले, आणि पुसून टाकलं. एवढ्यासाठी मी झाड बोडकं केलं होतं.

खूबचंद त्या दिवशी जेवायला होता. मी बोलावलेलं. जेवून उठताना त्यानं मला खुशीत सांगितलं की नौपाड्याच्या वकिलांच्या बंगल्यात माळी ठेवायचाय, मागच्या बाजूला राहायला खोली आहे, पक्क्या भिंतींची. वकीलीणबाईनं विचारलं तेव्हा त्यानं माझंच नाव सांगितलं, की कोपरीत आवडाबाईंकडे जाऊन जुन्या झाडावरचं माझं काम बघा. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, बिचारीला कल्पना नव्हती.

चैत्रात जामाला एक फळ लागलं नाही.

जत्रेला मी नुसती ओटी घेऊन गेले. शालू मागे ताट धरून. देवळापुढे आळीतल्या दहा-पंधरा बाया बसल्या होत्या आणि त्यांच्यात नौपाड्याची वकीलीणबाई, ती दर वर्षी ओटी भरायला यायची. शेजारच्या गंगुबाईनं विचारलं, टोपली कुठाय यंदा. तिनं वाईट मनानं विचारलं असंही नाही. पण तिच्याकडून तो प्रश्न, त्या जागी, सगळ्यांसमोर, आणि माझं डोकं रिकामं. आमच्या घरातून टोपली चुकली असं माझ्या सासूच्या वेळी झालं नव्हतं. मी म्हणायला हवं होतं की लग्नाच्या मांडवासाठी मी झाड छाटलं. एवढंच. कोणी मारलं नसतं मला.

मी म्हणाले, "त्या कॅम्पातल्या म्हाताऱ्यानं वाट लावली. वरच्या चार डहाळ्या काढ म्हटलं, तर झाडच बोडकं केलं जल्ल्यानं. सेब नि जाम यांतला फरक त्याला कळत नाय."

बायांनी माना खाली घातल्या. गंगुबाईनं पदर सारखा केला. मला वाटलं, पटलं सगळ्यांना. वकीलीणबाई म्हणाली, बरं झालं बाई, वेळेवर कळलं, आणि माझा हात हातात घेतला. शालू ताटातल्या नारळाकडे बघत होती.

वैशाखाच्या शेवटी खूबचंद आला. मी बोलावलं नव्हतं. एका डब्यात शेण, माती आणि चुना कालवून आणला होता. पावसाचं पाणी मुरून लाकूड कुजू नये म्हणून छाटलेल्या प्रत्येक जागी तो लेप लावायचा असतो. मी आत तांदूळ निवडत बसले होते. बाहेर गेले नाही. सूप हातात, पण निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ मी एकत्रच करत होते.

काम झाल्यावर शालूनं त्याला पाणी दिलं. त्यानं तिला सांगितलेलं मला आत ऐकू आलं. वकिलांनी दुसरा माणूस ठेवला. त्याला म्हणाले, तू जुनी झाडं मारतोस. मग म्हणाला की झाड मेलेलं नाही, बुंध्याजवळ नवी फूट आलीय, ती बकरीला खाऊ देऊ नका. माझं नाव त्यानं काढलं नाही. करवत घेऊन गेला.

शालू आत आली, पेला घासून पालथा घातला. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती तिला, उलट शब्द कधी नाही. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"आई, झाड कापलं त्या दिवशी मी पायरीवरच बसलेली."

बस, एवढंच. मी तिला झापायला तोंड उघडलं, ते मिटलं आणि तांदूळ पहिल्यापासून निवडायला घेतले. माझं असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी चांगलं लुगडं नेसून मी नौपाड्याला गेले. वकीलीणबाईच्या व्हरांड्यात बसून सगळं सांगितलं: छाटायला मी लावलं, तो नको म्हणत होता, फळ येणार नाही हेही त्यानं आधीच सांगितलेलं. सांगताना मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, तुम्ही एवढ्या लांब आलात, मन मोठं आहे तुमचं. पण पालघरकडचा माणूस बायकोला घेऊन खोलीत राहायला आलाय, तिचे दिवस भरत आलेत, आता त्यांना कुठल्या तोंडानं काढू. खरंच होतं ते. परसात ती पोटुशी बाई कपडे वाळत घालत होती.

मन मोठं आहे, हे ऐकून मला जरा बरं वाटलं होतं. तेही सांगून टाकते.

त्याच पावली कॅम्पात गेले. आमच्या घरापासून दहा मिनिटांची वाट, पण मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बराकीच्या दाराशी खूबचंद करवतीला कानस लावत बसला होता. त्यानं खाट पुढे केली, मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, की मी खोटं बोलले आणि आज वकीलीणबाईला खरं सांगून आले. त्याची नात पडद्याआडून माझ्याकडे बघत होती.

तो कानस चालवत राहिला. मग थांबला.

"वकीलीणबाई दूरची आहे, माई. तिला सांगणं सोपं. चैत्रापासून तुमच्या आळीत मला कोणी हाक मारत नाही. तिकडे सांगा."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. केलं नाही असंही म्हणाला नाही. खाट परत भिंतीला उभी केली.

सकाळी मी विहिरीवर गेले. पाणी शालू आणते, मी काही वर्षांत घागर उचलली नव्हती, म्हणून मला बघूनच बाया थबकल्या. गंगुबाई रहाटावर होती. मी घागर खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. जत्रेत मी बोलले ते खोटं. म्हाताऱ्याचा दोष नाही. मी लावलं त्याला कापायला.

रहाट कुरकुरत राहिला. गंगुबाईनं दोर ओढणंही थांबवलं नाही.

"आम्हाला ठाव हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून.

"त्याच दिवसापासून. तुझा आवाज चार घरं पलीकडे जातो, आवडाबाय. क्वेट्याचं बोललीस ते पण ऐकलं. माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं तेव्हा."

मग जत्रेत का बोलली नाहीस, मी म्हटलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. म्हणाली, "तुझ्यासमोर कोण बोलणार? उद्या माझ्या घरी कार्य निघालं तर तू उंबऱ्याला पाय लावणार नायस, नि चार बायांना पण येऊ देणार नायस. एका म्हाताऱ्यासाठी ते कोण अंगावर घेईल?"

बाकीच्या बाया घागरीत बघत होत्या.

चैत्रापासून मी समजत होते की माझ्या शब्दावर आळीचा विश्वास आहे. विश्वास एकीचाच बसला होता, मला नीट न ओळखणाऱ्या वकीलीणबाईचा. ज्या मला ओळखत होत्या त्यांनी माझं खोटं ऐकून घेतलं, गिळलं, आणि निर्दोष आहे हे माहीत असून माणसाला दारात येऊ देणं बंद केलं. माझ्या तोंडाच्या भीतीनं. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण सगळ्या बघत होत्या आणि तेवढासुद्धा तमाशा करायचा हक्क मला राहिला नव्हता.

मी म्हटलं, बोलवा मग त्याला, तुमची झाडं वाढलीत. गंगुबाई म्हणाली, आम्ही का म्हणून, तूच आण. घरोघर घेऊन ये, नि काय झालं ते ज्याच्या त्याच्या दारात सांग. विहिरीवर सगळ्या नाहीत.

त्याच दिवशी जाऊन मी त्याला घेऊन आले. तो मागे, करवत खांद्यावर, मी पुढे. ज्या सात घरांच्या परसात झाडं होती त्या सातही दारांत मी तेच वाक्य म्हणाले: मी कापायला लावलं, यानं नको म्हटलेलं, नि मी जत्रेत खोटं बोलले. गंगुबाईनं चिकूचं विचारलं तर तो म्हणाला, आत्ता नाही, पाऊस संपू दे. ती बरं म्हणाली. पाचव्या घरी माझा आवाज बसायला लागला.

सातवं घर धाकूच्या आईचं. म्हातारीला ऐकायला कमी येतं. ओटीवर कुळीथ पाखडत होती. मी खाली वाकून हळूच सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, कानामागे हात धरला आणि म्हणाली, "काय ते? मोठ्यानं बोल, आवडे. तू कवापासून हळू बोलायला लागलीस?"

मागे तो उभा होता. शेजारच्या दारांतून बाया बाहेर आल्या होत्या, शालूही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं.