जेवणापुरती बंदूक

"बंदूक त्यानं हिसकली, असंच ना काका?" फौजदारांनी विचारलं आणि उत्तराआधीच पेन कागदावर टेकवलं.

संग्रामपूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगवर अकरा वर्षं पहारा करणारे उकंडराव तसे भारी बोलघेवडे. आज मात्र ते त्या पेनाच्या टोकाकडे पाहत राहिले. 'हो' एवढं म्हटलं की ते सुटणार होते. जनकाबाईनं, त्यांच्या बायकोनं, सकाळी बजावलंच होतं, "हिसकली म्हना. मेलेला मॅनेजर काही वापस येत नाही."

बारा बोअरची बंदूक मांडीवर घेऊन भाकरी खाणं उकंडरावांना अन्नाचा अपमान वाटे. भिंतीला टेकवून ठेवायला मन धजत नसे. म्हणून रोज दुपारी एक वाजता ते ती वजनकाट्यावरच्या दीपकच्या हाती देत आणि डबा उघडत. परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हे त्यांना पाठ होतं. पण दीपक आल्यापासून सहा वर्षांत काही झालं नाही, तेव्हा नियम कोण मनावर घेतो?

मंगळवारी सकाळी मॅनेजरनं दीपकला सगळ्यांदेखत कामावरून काढलं. दुपारी तो सामान न्यायला आला. उकंडरावांना डबा सोडताना पाहून त्यानं रोजच्यासारखा हात पुढे केला.

"जेवा काका. धरतो मी."

उकंडराव घुटमळले. आजच नाही म्हटलं तर त्याला वाटेल, काकाही फिरले. या विचारानं त्यांना लाज वाटली, आणि त्यांनी भरलेली बंदूक देऊन टाकली. पहिला घास गिळायच्या आत ऑफिसातून बार ऐकू आला.

"काका, लिहू ना हिसकली?"

"नाही साहेब. म्या देल्ली. माह्या हातानं."

"काय बोलून राह्यले, कळते का? दीपक बी म्हन्ते, हिसकली."

"तो मले वाचवून राह्यला. त्याले काढलं, हे मले ठाव होतं. तरी देल्ली."

फौजदारांनी लिहायला घेतलं.

बाहेर बाकावर बसलेल्या जनकाबाईनं नवऱ्याला शिपायाबरोबर येताना पाहिलं. "सांगतलं?"

"खरं सांगतलं."

ती रडली नाही, भांडलीही नाही. पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिनं शिपायाच्या हातात दिली.

"बीपीची हाय. सकाळी एक, रातच्याले एक. हे इसरतेत, तुमी याद करून द्या."