विमानाला प्लीज लागत नाही

पहिल्या दिवशी मंदाकिनी पटवर्धनांनी प्रियदर्शनीला चपला कुठे काढायच्या ते सांगितलं आणि मग विचारलं, "इंग्रजी कशासाठी हवंय?"

"विमानं उतरवायला, मॅडम."

"बस."

मंदाकिनीबाई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. २००८ साली नारायण पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटवर बहुतेक आयटीतली मुलं शिकायला येत. कुणाला अमेरिकेतल्या साहेबाशी फोनवर बोलायचं असे, कुणाला व्हिसा हवा असे. विमानवाली ही पहिलीच. प्रियदर्शनी भोयर वर्ध्याकडच्या आर्वीची, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करायची. विमानतळाच्या टॉवरमधून वैमानिकांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाची जागा निघाली, तिची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता मुंबईला तोंडी परीक्षा होती आणि तिथे आवाज नि इंग्रजी दोन्ही तपासणार होते.

बाईंनी तिला आकडे म्हणायला सांगितले.

"वन, टू, ट्री..."

"थ्री. जीभ दातांमध्ये."

"मॅडम, रेडिओवर ट्रीच म्हणायचं असतं. थ्री नीट ऐकू जात नाही. फाइव्हला फाइफ. नाइनला नाइनर."

सगळी नोकरी बाईंनी ट्री म्हणणाऱ्या मुलींना बाकावर उभं करण्यात घालवली होती.

"हे कोणी ठरवलं?"

"आंतरराष्ट्रीय संघटनेनं."

"त्यांना इंग्रजीला कोण होतं?"

पुढच्या रविवारी मात्र बाईंनी स्वतःच ट्री म्हणून दाखवलं. काढा प्यायल्यासारखं तोंड झालं, पण म्हणाल्या.

खरी अडचण वेगळीच निघाली. सरावासाठी विमान हवं होतं, म्हणून बाईंनी यजमानांना विमान केलं. बाळ पटवर्धन टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची हरकत नव्हती. तसेही ते घरात सांगितलेल्या दिशेनंच फिरत. ते बेडरूममधून निघत आणि पॅसेजमधून हॉलकडे येत. प्रियदर्शनीनं खुर्चीत बसून सूचना द्यायची, बाळकाकांनी ती शब्दशः परत म्हणून दाखवायची, बरोबर म्हटली की नाही हे तिनं ऐकायचं, आणि मगच पुढचं पाऊल. वैमानिकाचंही तसंच असतं.

"सर, प्लीज, वुड यू काइंडली होल्ड..."

तोवर बाळकाका टीपॉयवर आदळले होते.

"प्लीज काढ," बाई म्हणाल्या. "काइंडली काढ. सर तर काढच."

"मॅडम, काका मोठे आहेत."

"विमानही मोठं असतं."

"आमच्याकडे वडीलधाऱ्यांना असं एकदम सांगत नाहीत. आधी जेवले का विचारायचं, मग तब्येत, मग हळूच."

"तोवर विमान काय करेल?"

प्रियदर्शनीनं विचार केला. "उतरेल."

"कुठे?"

"कुठंही."

तरी तिच्या तोंडून सर जाईना. परीक्षेच्या आठ दिवस आधी तिनं कसंबसं नुसतं "होल्ड पोझिशन" म्हटलं. बाळकाकांनी "होल्ड पोझिशन" म्हणून दाखवलं आणि ते पॅसेजमध्ये थांबले. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. आर्वीहून वडील, रंगराव. ती तिथेच बसून बोलू लागली.

पुढच्या रविवारी नागपूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते.

"बाबा, सोमवारी माझी मुंबईला परीक्षा आहे."

"मंग? दिवसा पाहून जातीन ते, रात्रीच्या गाडीनं तू मुंबईले जाय. पोरगा बँकेत आहे."

"हो, पण... जेवण झालं का तुमचं? आईचा गुडघा..."

तिनं बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. प्रियदर्शनीनं श्वास घेतला.

"बाबा, मी रविवारी येत नाही. पाहुण्यांना नाही म्हणून कळवा."

तिनं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"मी काय म्हटलं, सांगा बरं."

"काहून?"

"नीट ऐकू गेलं का ते पाहते."

रंगरावांनी म्हणून दाखवलं. "तू रविवारी येत नाही. पाहुण्याइले नाही म्हणून कळवा लागते."

"बरोबर. ठेवते."

तिनं मोबाइल टीपॉयवर ठेवला. "उद्धट वाटलं का हो मॅडम?"

"उच्चार स्पष्ट होते."

मग ती रडली. बाई उठून पाणी आणायला निघाल्या, तर पॅसेजमध्ये बाळकाका उभे.

"मी अजून थांबलोय," ते म्हणाले. "कुणी पुढचं सांगितलं नाही."

मुंबईला तिला एक उतारा वाचायला दिला, गावाबद्दल विचारलं, दोनचार साधे प्रश्न केले. ट्री म्हणायची वेळच आली नाही. महिनाभरानं निवड झाल्याचं पत्र आलं. वर्षभराचं प्रशिक्षण अलाहाबादला होतं. नागपूरच्या बँकवाल्यानं एव्हाना दुसरीकडे जमवलं होतं.

तिचं सामान न्यायला रंगराव पुण्यात आले. जाण्याआधी ते तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी बसा म्हटलं, पाणी दिलं. रंगरावांनी आधी बाळकाकांची तब्येत विचारली, मग पुण्यातल्या हवेची.

"काम काय होतं?" बाईंनी विचारलं.

"पोरगी आता लय तोडून बोलते, मॅडम. हो नाहीतर नाही. तिची माय म्हणते, हे तुमच्यापासून शिकली."

"माझ्यापासून इंग्रजी शिकली."

रंगरावांनी मान हलवली. मुलीला सरकारी नोकरी लागल्याचा त्यांना आनंद होता आणि ती लग्नाचं काही बोलू देत नाही याचं दुःख. दोन्ही त्यांनी बाईंना सांगितलं, बराच वेळ लावून. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्या उठल्या आणि आणलेल्या डाळीतली दोन वाट्या डाळ त्यांनी धुवायला घेतली.

"जेवायला थांबा," त्या आतून म्हणाल्या.

रंगराव संकोचले. "कशाला उगीच त्रास..."

"थांबता म्हणा," बाळकाका हळूच म्हणाले. "इथे दुसऱ्यांदा विचारत नाहीत."

"थांबतो," रंगराव म्हणाले.