आशाच्या सायकलचा पुढचा गिअर

आशा गांगुर्डेने शेचाळिसाव्या वर्षी वाकड्या हँडलची, गिअरची सायकल घरी आणली, ही बातमी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या कॉलनीत दुधाच्या पिशव्यांच्या आधी घरोघर पोचली. आशा गंगापूर रोडवरच्या एका शाळेत क्लार्क होती. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिला रोज तासभर चालायला सांगितलं. महिनाभरात ती चालण्याला कंटाळली आणि म्हणाली, "डॉक्टर, सायकल चालेल का?" डॉक्टर स्वतः सायकलवेडे. नवी घेतल्यापासून त्यांची जुनी तशीच पडून होती. ती त्यांनी आशाला देऊन टाकली.

लहानपणी कळवणला आशा वडिलांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून कैची मारायला शिकली होती. ती सायकल ढकलायलाच दोन माणसं लागत. ही एका हाताने उचलता यायची. पहिल्या दिवशी ती गंगापूर धरणापर्यंत गेली आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला उगाचच हसू येत होतं. एकटीच हसत होते रस्त्यानं."

चार महिन्यांत ती चाळीस किलोमीटर सहज जाऊ लागली. मग २००८ सालच्या जानेवारीत तिने आईला फोन केला. "आई, पुढच्या रविवारी येते. सायकलवर."

कळवणहून तानुबाईंचा आवाज आला, "का गं? यष्टी बंद हाय का?"

नाशिक ते कळवण जवळजवळ ऐंशी किलोमीटर, आणि वणीच्या पुढे घाट. आशाने शाळेत सांगितलं, कॉलनीत सांगितलं. माघार घ्यायची सोयच ठेवली नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात पुढचा गिअर बिघडला.

त्या सायकलला पॅडलपाशी दोन दातेरी चकत्या होत्या, चढासाठी लहान आणि सपाटीला मोठी. हँडलजवळचा खटका दाबला की केबल ताणायची आणि पत्र्याची एक छोटी चौकट चेनला ढकलून एका चकतीवरून दुसरीवर न्यायची. आता खटका दाबला तर नुसती करकर व्हायची, चेन लहान चकतीवरून हलायची नाही. जोरात दाबला तर ती मोठ्या चकतीलाही ओलांडून बाहेर पॅडलच्या दांड्यावर पडायची. मंगळवारी तीन वेळा पडली. आशा काळ्या हातांनी शाळेत पोचली आणि हजेरीपुस्तकावर अंगठा उमटला.

द्वारकेच्या सायकलवाल्याने वाकून पाहिलं, दोनदा पॅडल फिरवलं आणि हात पुसले. "ताई, असलं आपल्याकडं येत नाही. पुण्याला पाठवा. आठ दिवस धरून चाला."

डॉक्टर गावाला गेले होते. शनिवारी दुपारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली तशी आशा घरी आली आणि तिने पदर खोचला. "घरीच बघू."

तिचा नवरा मल्हारी सातपूरला एका कारखान्यात फिटर होता. त्याने हॉलमधल्या पाळण्याच्या कड्याला दोन दोर बांधून सायकल टांगली. मागचं चाक हवेत राहिलं, म्हणजे पॅडल फिरवून बघता येईल.

सासूबाई झुंबरबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "त्या कड्याला माझे दोन नातू झुलले. आता ही लोखंडी नात!"

"आत्या, थोडाच वेळ," आशा म्हणाली.

मल्हारीने स्क्रू ड्रायव्हर घेतला. चौकटीवर दोन बारीक स्क्रू होते. त्याने एक पिळला, दुसरा पिळला, पहिला परत पिळला. आशाने पॅडल फिरवलं. चेन आता आतल्या बाजूला, फ्रेमवर पडली.

"किती आटे फिरवले?" आशाने विचारलं.

"असतील दोनतीन."

"कुठल्या बाजूला?"

मल्हारीने स्क्रू ड्रायव्हर हातात उलटसुलट केला. कारखान्यात त्याच्या हाताखाली सहा माणसं होती, पण घरात पत्नी अशी विचारायला लागली की त्याला शाळेत उभं केल्यासारखं व्हायचं.

"आता तुम्ही पॅडल फिरवा," आशा म्हणाली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जे फिरवू ते लिहून ठेवायचं." तिने कॅलेंडरचं जुनं पान काढलं आणि पाठीमागे आकडे घातले.

तिने आधी केबल सोडवली. गंज असला तर ती अडकेल. पण केबल आपल्या नळीतून लोण्यासारखी सरकली. म्हणजे दोष तिच्यात नव्हता. आशाने लिहिलं, केबल ठीक. मग रॉकेलच्या फडक्याने पुसून चकत्यांचे दात बघितले. झिजले नव्हते. तेही लिहिलं. पाऊण तास गेला, रॉकेलचा वास घरभर झाला, आणि आशाने घड्याळाकडे पाहिलं. सगळ्यांना सांगून बसले, आता उद्या एसटीने जायचं?

"आशा," झुंबरबाई म्हणाल्या. त्या जमिनीवर बसलेल्या, त्यांचे डोळे बरोबर चकत्यांच्या उंचीला. "ती पट्टी तिरकी हाय बघ. साखळी सरळ जाती, अन् पट्टीचं शेपूट भाईर."

आशा त्यांच्या शेजारी फरशीवर आडवी झाली. खरंच होतं. वरून पाहिलं तर चौकट सरळ वाटायची, पण खालून तिचं मागचं टोक बाहेर वळलेलं दिसत होतं. आणि ती फार वरही होती, दातांपासून बोटभर लांब. चेनला ढकलणार ती कशी!

मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. चौकट ज्या पट्ट्याने फ्रेमच्या नळीला आवळली होती, त्याच्या खाली निळ्या रंगाचं एक गडद कडं होतं, उन्हाने न उडालेलं. पट्टा आधी तिथे बसायचा.

"हा वर कुणी सरकवला?" आशा म्हणाली. तिने मान वळवली. मल्हारी खिडकीतून बाहेर बघत होता.

"अहो."

"काय?"

"तुम्ही?"

मल्हारीने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मागच्या रविवारी तू झोपली होतीस. म्हटलं, एवढ्या लांब जाणार, सायकल चकाचक करून द्यावी. तो पट्टा खोलला, मागची माती काढली, परत बसवला. मला वाटलं, चांगला घट्ट बसला."

"आणि आठ दिवस बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? मी फिटर आहे."

झुंबरबाई आधी हसल्या. मेथीची जुडी मांडीवरून घसरली तरी त्या थांबेनात. मग आशाला हसू फुटलं, आणि शेवटी मल्हारीलाही. शेजारच्या सरुबाई 'काय झालं, काय झालं' करत दारात आल्या, पण कुणालाच सांगता येईना.

त्यानंतर काम सरळ होत गेलं. पट्टा सैल करून जुन्या खुणेवर आणला. आशाने हाताने चौकट मोठ्या चकतीवर ओढली. दात आणि चौकट यांच्यामध्ये रुपयाचं नाणं जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवली. झुंबरबाई फरशीवरून सांगत होत्या, "जरा आत. लय नको. आता सरळ!" मल्हारीने पट्टा आवळला. यात त्याचा हात पक्का होता.

मग चेन पुढे लहान चकतीवर आणि मागे चाकाजवळच्या चकत्यांपैकी सगळ्यांत मोठीवर ठेवली. आतला स्क्रू आशाने पाव पाव आटा फिरवला, चौकट चेनला घासणार नाही पण चेनला आत पडूही देणार नाही, इतपत. प्रत्येक पाव आटा कॅलेंडरच्या पाठीवर उतरला. मल्हारीने केबल पकडीने ताणून धरली आणि आशाने ती आवळली. शेवटी बाहेरचा स्क्रू. चेन मोठ्या चकतीपर्यंत जावी, तिच्या पलीकडे नाही.

"फिरवा," आशा म्हणाली. मल्हारीने पॅडल फिरवलं. तिने खटका दाबला.

खट्. चेन उडी मारून मोठ्या चकतीवर बसली. करकर नाही, घसर नाही. परत खटका, आणि चेन अलगद खाली.

"परत कर," झुंबरबाई म्हणाल्या. मग त्यांनी मुलाला बाजूला सारलं आणि स्वतः पॅडल हातात घेतलं. वीस वेळा तरी चेन वरखाली झाली. सरुबाईंनीही दोनदा करून पाहिलं.

रविवारी पहाटे साडेपाचला आशा निघाली. कानाला मफलर, पंजाबी ड्रेसवर मल्हारीचं स्वेटर. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने "जयभीम ताई, निघालात का?" म्हणून हात केला. दिंडोरीपर्यंत द्राक्षबागांवर धुकं होतं. मोठ्या चकतीवर सायकल अशी पळत होती की डोळ्यांतून पाणी येत होतं. वणीला तिने चहा घेतला.

घाट लागला तेव्हा मात्र तिची नजर चेनवर गेली. इथे चेन पडली तर भर चढावर उतरावं लागणार. तिने पाय थोडे हलके केले आणि खटका दाबला. चेन लहान चकतीवर उतरली. पॅडल एकदम मऊ झालं. ती चढत राहिली. मागून आलेल्या जीपमधली माणसं वळून वळून पाहत गेली. माथ्यावर ती थांबली नाही. मोठी चकती लावली, हँडलवर वाकली आणि उतारावर मोठ्याने ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवेना.

अकराला दहा मिनिटं कमी असताना ती आईच्या अंगणात उतरली. तानुबाई बाजरीच्या पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग त्या सुपारीच्या खांडाएवढ्या सीटकडे.

"ह्याच्यावर बसून आली तू?"

"हो आई."

"नाशिकपासून?"

"नाशिकपासून."

तानुबाईंनी पिठाच्याच हातांनी तिचा चेहरा धरला आणि कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, "ए नवसाबाई, बाहेर ये! माझी पोर बघ कशानं आली!"

अर्ध्या तासात अंगणात दहाबारा बाया जमल्या. दुपारी मल्हारी आणि झुंबरबाई एसटीने उतरले. प्रवासाने दोघं पार आंबून गेले होते. मल्हारीची तर कंबर धरली होती.

तानुबाईंनी जावयाला पाणी दिलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "जावईबापू, ऐंशी किलोमीटर माझी पोर सायकल हाणत आली, अन् दमून तुम्ही आले?"

"मामी, सायकल मीच दुरुस्त केली," मल्हारी म्हणाला.

झुंबरबाईंना पाण्याचा ठसका लागला. आशा हसत परत चुलीपाशी जाऊन बसली आणि आईने तव्यावरून काढलेली आपली तिसरी भाकरी तिने ताटात घेतली.