टपाचा फोटो नव्हता

धाकट्याला घरात सगळे धाकटाच म्हणत. आठ महिन्यांपूर्वी थोरला गेला, तेव्हा खरं तर तो एकुलता झाला. पण ही बढती कुणी जाहीर केली नाही आणि त्यानंही मागितली नाही. सहा दिवस तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचा, आणि रविवारी घरी बसून ट्रकची वाट लावायचा.

ट्रक म्हणजे सत्त्याऐंशीपट लहान, बोटाएवढे. आगगाडीच्या मॉडेलांच्या नादी लागलेली माणसं सहसा इंजिनावर जीव टाकतात. धाकट्याचा जीव पार्सलच्या गाड्यांवर. डब्यातून नवीकोरी, चकचकीत गाडी काढायची आणि ती सात वर्षं राबल्यासारखी करून ठेवायची, ही त्याची कला. टूथब्रशनं चिखलाचे शिंतोडे, खडूच्या भुकटीचा गंज, मागच्या दाराला हमालांच्या हातांचे काळे डाग. अशा बेचाळीस गाड्या कपाटात होत्या. वापरलेली म्हणून एकही कुणी विकत घेतली नसती, याचा त्याला अभिमान होता.

थोरला खरी पार्सलची गाडी चालवायचा. "मी दिवसभर तिला ओढतो," तो म्हणायचा, "आणि हे साहेब सुट्टीच्या दिवशी तिला बोटावर घेऊन फुंकर मारतात." एकदा त्यानं विचारलं होतं, "माझी कधी करणार रे?"

"तुझ्यात करण्यासारखं काही नाही, दादा. अगदीच साधं मॉडेल आहे."

हे तो गाडीबद्दल बोलला होता. थोरला हसला आणि पायमोजे काढू लागला. त्यानंतर विषय निघाला नाही, आणि मग एका सकाळी उतारावर, चालू गाडीत, थोरल्याचं हृदय थांबलं. गाडी थांबली नाही. ती सावकाश, कुणालाही न दुखवता घरंगळत गेली आणि दिव्याच्या खांबाला टेकली. खांबाआधीच सगळं संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे सांगितल्यानं बरं वाटेल, अशी त्यांची समजूत असावी.

म्हणून त्रेचाळिसावी गाडी दादाची. ती मॉडेलवाल्यांच्या क्लबच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या शहरात, उभी राहावी, वहिनीनं येऊन ती बघावी आणि "हो, हीच," म्हणावं, एवढीच धाकट्याची इच्छा होती. त्यापुढे काय होणार होतं, ते त्यालाही माहीत नव्हतं. पण हे झाल्याशिवाय वहिनीच्या समोर बसून चहा पिणं त्याला जमत नव्हतं. आठ महिने तो तिच्याकडे उभ्यानंच चहा पीत होता.

अडचण क्लबची होती. क्लबात पाच जण, आणि त्यांच्या लेआउटचं नाव 'आजचं शहर'. आजचं म्हणजे आजचंच. खरं दुकान बंद पडलं की लेआउटवरचंही पडायचं; मास्तर पट्टीनं पाडायचे. मास्तर निवृत्त शिक्षक होते आणि नियमांची वही त्यांच्याकडे असे. त्यातला पहिला नियम: प्रत्येक वस्तूला खऱ्या वस्तूचा फोटो हवा. मागच्या वर्षी बाकावर बसलेल्या एका आजोबांना पुराव्याअभावी उठवण्यात आलं. आजोबा तीन मिलिमीटर रुंद होते. तरीही त्यांच्या बाजूनं एक मत पडलं, तशी वहीत नोंद आहे.

दादाची गाडी अजून डेपोच्या आवारात उभी होती, मोडीत निघाली नव्हती, म्हणजे ती आजचीच, हे मास्तरांनी मान्य केलं. "पण फोटो?"

फोटो डेपोच्या कारकुनानं दिले. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं काढलेले, सहा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि दोन जवळून. प्रत्येकात शेजारी मोजपट्टी धरलेली! चालत्याफिरत्या गाडीचे इतके चांगले फोटो कुणीच काढत नाही. बंपरच्या कोपऱ्यातला पोचा, पुढच्या एका दिव्याची तडकलेली काच, आत दुमडलेला आरसा, सगळं लख्ख.

खांबाचं त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण या लोकांचं एक असतं: चांगला फोटो हातात आला की दुसरं काही माहीत राहत नाही. नऊ रविवार तो त्या पोच्यावर बसला. सुई तापवून प्लॅस्टिक आत दाबायचं. जरा जास्त तापली की बंपर नाक मुरडल्यासारखा वाकायचा. तीन बंपर वाया गेले. चौथा जमला. मग दिव्यावर केसाएवढा तडा, आरसा दुमडलेला, सहा मिलिमीटरची नंबरप्लेट आणि आत निळ्या शर्टाचा ड्रायव्हर.

क्लबात पोचा हातोहात फिरला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, ते त्याकडे भिंगातून बराच वेळ बघत राहिले आणि सवयीनं म्हणाले, "कधीपासून दुखतंय?" मास्तरांनी फोटोशी ताडून पाहिलं आणि लिहिलं: 'निर्दोष.' गाडी मुख्य रस्त्यावर, किराणा दुकानासमोर, पार्सल उतरवण्याच्या जागेवर लागली.

प्रदर्शन वाचनालयाच्या तळमजल्यावर होतं. वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ऑफिसातून अर्धी रजा काढून आली होती, पर्स पोटाशी धरून. हॉलमध्ये तिच्याशिवाय एक बाई होती आणि ती जुनी वर्तमानपत्रं शोधत चुकून आली होती.

"या वहिनी, या. इकडे. सांभाळून, तिथं विमानतळ होणार आहे."

"भाऊजी, केवढं हे! आणि लाइटपण लागतात?"

"लागतात. काल सगळ्या गावाचे गेले होते." त्यानं तिला दुकानातून आणलेलं भिंग दिलं. "तो किराणावाला दिसतोय? त्याच्यासमोर बघा."

वहिनी वाकली. नंबर वाचताना तिचे ओठ हलले. मग ती हलायचीच थांबली. धाकटा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. 'हो' म्हणायला तोंड कसं उघडतं, ते तो गेले चार महिने मनात बघत होता.

"हे काय आहे?" तिनं बोट बंपरजवळ नेलं.

"पोचा." मग त्याला राहवलं नाही. "सुई तापवून काढलाय. नऊ रविवार गेले त्यात. आणि तो दिवा बघा, तडा दिसतो का? एकाच केसाच्या ब्रशनं काढलाय."

"हा खांबाचा आहे."

"अं?"

"मी त्या दिवशी खांबासमोरच उभी होते, भाऊजी. हा पोचा पडला तेव्हा हे संपलेले होते." तिचा आवाज चढला नाही, बसस्टॉपवर वेळ विचारावी तसा होता. "अशी ही गाडी एक फूटसुद्धा चाललेली नाही. आणि तुम्ही हिला बाजारात पार्सलं टाकायला पाठवलीत?"

धाकट्यानं भिंगातून पाहिलं. निळ्या शर्टाचा ड्रायव्हर समोर बघत बसला होता. धाकट्यानंच दादाला मेल्यावर कामाला जुंपलं होतं, आणि पाच जणांनी त्याला निर्दोष ठरवलं होतं.

"मी... फोटोत तसंच होतं, वहिनी."

"फोटोत असणारच."

कोपऱ्यात खुर्चीवर डबा खात बसलेले दातांचे डॉक्टर उठून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बॅग उघडली, गाडी दोन बोटांत धरली, पोच्यात दात भरायचं पांढरं सिमेंट भरलं, ते पक्कं करायचा निळा दिवा मारला आणि घासून गुळगुळीत केलं. एरवी यासाठी लोक आठवडाभर थांबत.

"दोन तास काही कडक नको," ते म्हणाले. मग थोडे ओशाळले. "म्हणजे, रंग नको."

तेवढ्यात मास्तर वही घेऊन पोचले. "आता ही फोटोशी जुळत नाही. फोटोत पोचा आहे."

"मास्तर, अहो तो पोचा..."

"मला कळतंय. मी माणूसच आहे. पण मग दुसरा फोटो दाखवा. आधीचा."

धाकट्यानं फोन काढला. त्यात ट्रकचे चार हजार फोटो होते. परक्या डेपोंचे, परक्या ड्रायव्हरांचे, एकदा तर एका गाडीच्या चाकाच्या नटाचे अकरा. तो खाली खाली सरकत राहिला. दादाच्या गाडीचा एकही नव्हता. एका फोटोत दुसऱ्याच गाडीच्या कडेला दादाचा कोपर आला होता. बाजूला हो ना, असं त्यानंच म्हटलं होतं, तेही आठवलं.

"वहिनी," त्यानं विचारलं, "आधी बंपर कसा होता?"

"मला काय माहीत?"

"दारं? चाकांपाशी गंज? मडगार्ड?"

"भाऊजी, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. हे खाली गाडी काढायचे, मी खिडकीत. मला समोरून ती दिसली ती एकदाच." ती लेआउटवर पुन्हा वाकली. "मला फक्त टप माहितीये. आणि हा टप यांचा नाहीच."

धाकट्यानं टपाकडे पाहिलं. पांढरा, कोरा, डब्यातून आला तसा. सर्व्हेअर शिडी घेऊन गेला नव्हता. टपाचा फोटो नव्हता, म्हणून धाकट्यासाठी टपच नव्हता.

"सांगा," तो म्हणाला आणि रंगांची पेटी उघडून खाली फरशीवर बसला. वहिनीसमोर तो आठ महिन्यांत पहिल्यांदा बसला होता, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"मागच्या कोपऱ्यात डांबराचं ठिगळ. गळायचा ना. यांनीच ओतलं होतं, भातुकलीतल्या पोळीसारखं, धड गोल नाही, धड चौकोनी पण नाही. थोडं मोठं. हां. कडेनं ओघळ. एकच. मधे दोन पट्ट्या पिवळट झालेल्या. एवढ्या पिवळ्या नाहीत हो, यांना कावीळ नव्हती झाली."

"बरं."

"आणि चप्पल."

"चप्पल?"

"कुणाच्या तरी गॅलरीतून पडलेली. लाल. डाव्या पायाची. दीड वर्ष होती. मी रोज सांगायची काढा, काढा. म्हणायचे, वर कोण चढणार, आणि शोधत आली मालकीण तर?"

मास्तरांनी चष्मा वर केला. "तिसऱ्या मजल्यावरून डाव्या पायाची कशी कळली?"

"रोज बघितलं की कळतं."

"नाही, म्हणजे चपलेला पुरावा..."

"मी आहे ना," वहिनी म्हणाली.

मास्तर वहीकडे बघत राहिले. नियमांत फोटो होता, बाई नव्हती. शेवटी त्यांनी पान उलटलं, काहीतरी लिहिलं आणि ते झाकून ठेवलं.

लाल वायरच्या सालीतून धाकट्यानं तीन मिलिमीटरची चप्पल कापली. दोनदा उजवी झाली. तिसऱ्यांदा जमली, तेव्हा गाडी पुन्हा किराणा दुकानासमोर लावून त्यानं चप्पल चिमट्यानं टपावर ठेवली. वहिनीनं भिंग बाजूला सारलं आणि ताठ उभी राहून वरून बघितलं, खिडकीतून बघावं तशी. बराच वेळ. 'हो' असं ती म्हणाली नाही. तिनं फक्त नाक ओढलं आणि पर्स दुसऱ्या हातात घेतली.

"इतका वेळ नाही थांबायचे हे," ती म्हणाली.

"कुठं?"

"कुठंच. निघाले की निघाले."

टेबलाच्या कडेला 'हात लावू नये' अशी पाटी होती, धाकट्यानंच छापलेली. तिच्यावरून हात घालून त्यानं गाडी एका बोटानं पुढे ढकलली. किराणा मागे पडला. औषधांचं दुकान, बँक, बसची रांग. रांगेतल्या कुणाला तोंडच नव्हतं, त्यामुळे कुणी वळून बघितलं नाही.

"हळू. बँकेपाशी हळू करायचे. तिथं खड्डा आहे."

त्यानं हळू केली. डॉक्टर घास हातात धरून बघत होते. गाडी चौकात आली. तिथून डावीकडे एक गल्ली होती, आणि समोर टेबलाची कड.

"आता?"

"आता वळायचे. मग नाही दिसायचे."

त्यानं गाडी वळवली. कोपऱ्यावरच्या पुठ्ठ्याच्या चार मजली इमारतीला मागची बाजू नव्हती. तिथं नुसती वायर, गोंदाचे सुकलेले थेंब आणि धूळ. तिथं त्यानं गाडी ठेवली आणि हात काढून घेतला.

वहिनी गल्लीच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. धाकटाही तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिथून काहीच दिसत नव्हतं.