बाण नसलेली चौकट

येर्नेयाने पीएचडीसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. तो दुसऱ्याचं जुनं सॉफ्टवेअर वाचून त्याचा नकाशा काढतो: कुठला भाग कुठल्या भागाला कामाला लावतो आणि कुठला मेलेला असून उगाच जागा अडवून बसलाय. मी तिचा मार्गदर्शक. म्हणजे काम तिचं आणि त्यावर लिस्बनच्या परिषदेत बोलणार मी. लेख पाठवायची मुदत होती शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

नकाशा खरा की खोटा हे ठरवायला ते सॉफ्टवेअर तोंडपाठ असलेला माणूस लागतो. मारिबोरच्या आमच्या फॅकल्टीत तसे एकटे झ्वोनको. परीक्षांच्या नावनोंदणीचं सॉफ्टवेअर तीस वर्षं त्यांनी एकट्याने सांभाळलं, आणि त्याच शुक्रवारी ते निवृत्त होत होते. त्यांनी कागदावर प्रत्येक भागाची एक अशा एक्केचाळीस चौकटी काढल्या, आणि कोण कुणाला बोलावतो त्याचे बाण. प्रोग्रामच्याही तितक्याच निघाल्या. चाळीस जुळल्या. उरलेल्या एका चौकटीकडे प्रोग्रामच्या नकाशात एकही बाण जात नव्हता, म्हणून प्रोग्रामने तिला मृत ठरवलं.

शुक्रवारी सकाळी दहाला मी येर्नेयाला आणि कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. ते सॉसेज मोहरीच्या चटणीत बुडवत होते.

"झ्वोनकोसाहेब, ही एक मेली म्हणून सही करा ना. विज्ञान पुढे जाईल."

"लिस्बनमार्गे," ते म्हणाले. "मी सही केली की सोमवारी माझ्या जागी येणारा तिला पुसून टाकणार. नाही करत."

"पण तिला कुणी बोलावतच नाही," येर्नेया म्हणाली. "तीनदा तपासलं मी."

"घड्याळ बोलावतं, मुली. बाहेरून. तुझा प्रोग्राम फक्त घरातल्यांनाच विचारतो."

"आणि ती करते काय?"

"नोंदणी बाराला बंद होते. ही सात मिनिटं दार धरून ठेवते. पूर्वी इथे येऊनच नाव नोंदवावं लागायचं आणि लेनार्ट गावाची बस यायची बारा वाजून दोन मिनिटांनी. पोरं धापा टाकत यायची."

"आता सगळे फोनवरून नोंदवतात," मी म्हणालो. "बस गेली, म्हणजे चौकट मेलीच की!"

"बस गेली हो, उशीर कुठे गेलाय? बघा, गेल्या खेपेला त्या सात मिनिटांत किती आले."

येर्नेयाने बघितलं. त्रेसष्ट. मग ती मागच्या वर्षांच्या नोंदींत शिरली आणि एका ओळीवर थांबली. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. नऊ वर्षांपूर्वी, गणित, शेवटची संधी, बारा वाजून पाच मिनिटं. नाव तिचंच.

"मला इतकी वर्षं वाटत होतं, माझं घड्याळ पुढे होतं," ती म्हणाली.

झ्वोनकोंनी सॉसेज आणि चटणीची वाटी तिच्याकडे सरकवली. "घे. खा आधी."

तिने खाल्लं नाही. लिहायला बसली. एक्केचाळीसपैकी चाळीस, आणि चुकलेल्या चौकटीवर अख्खं पान. मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो आणि "छान, छान, आटप," म्हणत होतो. पान खरंच छान होतं. सगळ्या लेखात तेवढंच वाचण्यासारखं होतं, हे मी तिला त्या वेळी सांगितलं नाही.

लेख पाठवला तेव्हा बारा वाजून तीन मिनिटं झाली होती. मुदत संपल्याचं उत्तर लगेच आलं.

"त्यांच्याकडे झ्वोनको नाही," येर्नेया म्हणाली.

मग आम्ही निरोपाचा अक्रोडाचा केक खायला खाली गेलो. उशिराच. केक झ्वोनकोंनी अजून कापला नव्हता.