हो, बाई!

"जोडीदार आहे का शेजारी?"

"हो, बाई!"

मैदान दणाणलं आणि बाई चमकल्या.

कारण बडबड्या जागेवर नव्हता. मघाशी त्यांनीच त्याला गुपचूप पाण्याच्या टाकीमागे लपवलं होतं. उद्या वर्ग डोंगरावर जाणार होता. बूट चावतात का, बाटल्या गळतात का, शिट्टी कुणाच्या गळ्यात, सगळं बघून झालं होतं. ही शेवटची चाचणी म्हणजे नुसती गंमत. ज्याच्या तोंडाला कुलूप नाही, तो नाहीसा झाला तर कळणार नाही होय?

"पुन्हा विचारते. जोडीदार आहे?"

"हो, बाई!"

त्यात घुमीचाही आवाज होता. ती बडबड्याची जोडीदार. हात धरायला म्हणून पुढे केलेला तिचा हात रिकामाच होता.

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "अगं, कुठाय तुझा जोडीदार?"

घुमीनं शेजारी पाहिलं. "नाहीये."

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत ना. बाईंनी विचारलं की हो म्हणायचं असतं."

खेळाचे सर खो खो हसले. "घ्या! तुमचीच शिकवण, बाई. एका सुरात बोलणारा वर्ग म्हणून नाव आहे तुमचं."

बाईंना हसू फुटेना. आजवर किती पोरं त्यांनी डोंगरावर नेली. दर वळणावर हाच प्रश्न, हेच उत्तर, आणि त्या भरवशावर त्या मागे न बघता चालत राहिल्या. सगळी परत आली, ती निव्वळ नशिबानं?

टाकीमागून आवाज आला, "बाई, येऊ का? मुंग्या चावतायत!"

"ये रे बाबा." मग त्या सरांकडे वळल्या. "यांना नाही म्हणता येईपर्यंत उद्याचं काही खरं नाही, सर."

शाळा सुटेपर्यंत वर्ग 'नाही' म्हणायला शिकत होता. मुलं आधी लाजली, मग कुजबुजली. घुमीचे तर ओठच हलेनात.

दुसऱ्या दिवशी, डोंगराच्या पहिल्याच वळणावर बाईंनी विचारलं.

"हो, बाई!"

आणि त्या गलक्याच्या मागून, अगदी बारीक, "नाही, बाई."

सगळे थबकले. मोठी चूक केल्यासारखी घुमी पांढरीफटक पडली होती. खाली वाटेवर बडबड्या बुटाची नाडी बांधत होता, एकटाच बोलत.

बाईंनी घुमीची पाठ थोपटली. त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. नाडी बांधून होईपर्यंत अख्खा वर्ग उभा राहिला.